नाव वगळून

ती मनगट धरायची. मुलीचा हात हातात घेणं वेगळं आणि मनगट धरणं वेगळं. वैद्य नाडी बघायला धरतो तशी दोन बोटं आतल्या बाजूला टेकवून ती धरायची आणि म्हणायची, "बोल बाळा. इथून बाहेर जाणार नाही." आणि मुलगी बोलायची. माझ्याच ओसरीवर, माझ्याच चटईवर, ताटाची कड अंगठ्यानं पुसत पुसत बोलायची. मॅडमचा मोबाइल शेजारी पालथा ठेवलेला असायचा आणि त्यात सगळं भरलं जायचं. मुलीला विचारून ठेवायची, हे खरं आहे. पण मनगट धरलेलं असताना नाही कोण म्हणतं?

देवासला कॉलेजच्या मागच्या गल्लीत मी मुली ठेवते आणि त्यांना जेवायला घालते. बोर्ड नाही. रिक्षावाल्याला 'आजी का मेस' सांगितलं की तो दाराशी आणून सोडतो. मुली कन्नौद, खातेगांव अशा बाहेरगावच्या. आपसात माळवी बोलतात, माझ्याशी हिंदी, आणि माझी मराठी त्यांना वर्षभरात कळायला लागते, त्यातल्या शिव्या तर आठवड्यात. माझं माहेर धारचं. शाळा चौथीपर्यंत, तीही तिथलीच.

मॅडम कॉलेजात शिकवायची. एकटी होती, स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून दुपारी माझ्याकडे जेवायची. घराणं जुन्या दरबारातलं, आईला 'आईसाहेब' म्हणणारं. पण जेवण झालं की ताट स्वतः मोरीवर नेऊन ठेवायची. ती मला काकू म्हणायची, मी तिला अहो-जाहो करायची. इथे 'ती' लिहिते आहे. समोर असती तरी आज हेच लिहिलं असतं.

तिच्या अभ्यासाचा विषय होता, पोरं कॉलेज सोडून का जातात. पहिल्या वर्षाला नाव घालतात आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत, ती का. त्यासाठी तिनं पन्नासेक मुलंमुली धरल्या होत्या. त्यांना एकदा विचारायचं, वर्षानं त्यांनाच परत विचारायचं, आणि मधल्या काळात कॉलेजनं जी मदत केली तिचा काही उपयोग झाला का ते बघायचं. पहिली फेरी, दुसरी फेरी असं ती म्हणायची. "दुसरी फेरी झाली नाही तर पहिली रद्दीत घाला, काकू," हेही तिनंच मला सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, तिच्या दृष्टीनं.

काम चांगलं करायची. ते लिहिलं नाही तर तुम्ही म्हणाल म्हातारी जळते. बारावीपर्यंत हिंदीत शिकलेल्या मुलींच्या हातात बी.एस्सी.ला इंग्रजी पुस्तकं पडायची आणि मुली गप्प व्हायच्या. मॅडमनं भांडून सकाळी सातचा वेगळा वर्ग सुरू केला, हिंदीत टिपणं काढून घेतली. कॉलेजातल्या एका सरांना सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, तुम्ही फळ्याकडे तोंड करून शिकवता. फळा आता पुष्कळ शिकला." दरवर्षी नव्या मुलांना मांडूला न्यायची. तिथे पायऱ्यांवर बसवून एकेकाला विचारायची, कोणता विषय डोक्यावरून जातो? एका वर्षी तेच सर हौसेनं बरोबर गेले. विषयाच्या जागी त्यांचं नाव सात वेळा आलं. परतीच्या गाडीत ते ड्रायव्हरशेजारी बसून आले.

आणि एक सवय होती. जेवताना ती ताटं बघायची. माझ्याकडे वळून हळूच विचारायची, "कोण जेवत नाहीये, काकू?" मी सांगायची. जी मुलगी अडचणीत असते ती आधी अन्न टाकते, हे तिला पुस्तकातून कळलं होतं आणि मला भांड्यांवरून. मी बोट दाखवायची आणि ती मनगट धरायची.

खातेगांवकडच्या एका मुलीकडे बोट मीच दाखवलं.

मुलगी बी.एस्सी.ची. रसायनाच्या प्रयोगशाळेतून आली की बोटांवर काळे डाग असायचे आणि ती ते बाकीच्यांना मेंदी दाखवावी तसे दाखवायची. पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास झाली. घरी सांगितलं, पास झाले. वर्ष परत करत होती, मन लावून करत होती, सातच्या वर्गाला सगळ्यांत आधी निघायची. वडिलांना कळायच्या आत पास व्हायचं, एवढाच तिचा बेत. पण वडील रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचे आणि म्हणायचे, "बेटा, किताब दिखा." स्वतः आठवी झालेला माणूस, गहू-सोयाबीनची शेती, पुस्तक बघण्यातच त्याला सुख. मग ही शेजारच्या खाटेवरच्या मुलीकडून दुसऱ्या वर्षाचं पुस्तक मागून घ्यायची आणि मोबाइलसमोर धरायची. पानं उलटून दाखवायची. त्यानंतर तिच्यानं जेववत नसे.

हे सगळं तिनं मॅडमला चटईवर बसून सांगितलं. मी चुलीशी होते. ऐकू येत होतं.

पुढे कॉलेजात पालकांची सभा झाली. शंभरेक माणसं असतील. मुलांना आधार कसा द्यावा यावर मॅडम बोलणार होती. पोहे माझ्याकडचे होते, म्हणून मी हॉलमध्ये मागच्या दाराशी पातेल्यापाशी उभी. मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत हिंदीत बोलत होती, आणि चांगलं बोलत होती. मग म्हणाली, "हमारी एक छात्रा है, खातेगांव तरफ की. नाम नहीं बताऊँगी." आणि पुस्तकाची गोष्ट सांगितली. रोजचा कॉल, "बेटा, किताब दिखा", मागून आणलेलं पुस्तक, उलटलेली पानं, सगळं.

हॉल हसला. वाईट नाही हसला, आपल्या पोरांच्या लबाड्यांना हसतात तसा. मॅडम घाईघाईनं म्हणाली, "हँसने की बात नहीं है." पण तोवर हसून झालं होतं. माझ्यापासून तीन रांगा पुढे एक माणूस हसता हसता थांबला. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या गावची माणसं, एकाच जीपमधून आलेली. त्यातल्या एकानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मग दुसऱ्यानं.

तो उठून बाहेर पडला तशी मी पातेलं तिथंच टाकून घरी आले. माझ्या दारात तो आला तेव्हा अजून सभा चालू होती.

"बाई जी, बिटिया का सामान दे दो."

मी म्हटलं, "फेल हुई इसलिए? अरे भैया, फिर से बैठ रही है परीक्षा में. पास होगी."

"फेल का कुछ नहीं, बाई जी. मैं खुद आठवीं में तीन बार बैठा." तो उंबऱ्याकडे बघत होता. "पन वहाँ सब लोग हँसे. और मैं भी साथ में हँस दिया."

मी आत जाऊन तिची पेटी उंबऱ्याशी आणली.

मुलगी कॉलेजातून आली, बोटांवर डाग. बाप दिसल्यावर आधी खूश झाली. मग पेटी बघितली. एवढंच म्हणाली, "पापा, सोमवार को प्रैक्टिकल है." पेटी त्यानं स्वतः उचलली, तिला उचलू दिली नाही. गल्लीच्या वळणापर्यंत ती मागे बघत गेली, माझ्याकडे नाही, कॉलेजाकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम नेहमीच्या वेळी जेवायला आली. मी ताट मांडलं नव्हतं.

"काकू, मला आत्ता कळलं. पण मी नाव घेतलंच नव्हतं."

"गाव घेतलंत."

"गाव कुठे? नुसतं 'तरफ' म्हटलं."

"पुस्तक सांगितलंत."

"अहो, तीच तर मुख्य गोष्ट होती. त्याशिवाय लोकांना समजलं कसं असतं?" तिला खरंच कळत नव्हतं. एवढी शिकलेली बाई, पण नाव वगळलं की माणूस वगळला जातो अशी तिची पक्की समजूत. "आमच्यात नियम आहे, काकू. नाव वगळायचं. मी नियम पाळला."

"मग आज नियमच जेवा," मी म्हटलं आणि ओसरीचं दार लावलं.

मीही इथे तिचं नाव वगळलं आहे. कडक इस्त्रीची सुती साडी, डाव्या हातात वडिलांचं मोठं घड्याळ, पोळीबरोबर मध मागणारी, हसताना तोंडावर फाइल धरणारी. देवासात अशी दुसरी कोणी असेल तर तिनं माझ्याकडे यावं, मी पाया पडून माफी मागेन. मुलीबद्दल लिहिलं ते मात्र मुलीला विचारून. फोनवर सगळं हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "आजी, किताब वाली बात भी लिखना. सब तो सुन ही चुके हैं."

दोन महिने मॅडम माझ्या दारात आली नाही. मी मात्र तिला कॉलेजच्या फाटकाशी दोनदा गाठलं. म्हटलं, मुलीला परत आणा. म्हणाली, पत्र पाठवलंय. पुन्हा गाठलं तर म्हणाली, "काकू, त्यांच्या घरच्या निर्णयात मी कशी पडू?"

"पडलात की," मी म्हटलं.

मग दुसऱ्या फेरीची वेळ आली आणि मॅडम परत माझ्या ओसरीवर. तिच्या पन्नासातल्या निम्म्या मुली माझ्या खोल्यांतल्या, नाहीतर दोन वेळा माझ्याकडे जेवणाऱ्या. उरलेल्या मुलग्यांशीही त्यांचं बोलणं. त्यांनी तोंड उघडलं नाही तर तयारीसकट तिची तीन वर्षं पाण्यात. हे तिला माहीत होतं, आणि तिनंच शिकवल्यामुळे मलाही.

मी म्हटलं, "खातेगांवला जा. बापासमोर चूक कबूल करा. मुलीला घेऊन या. मग माझ्या मुली बोलतील."

"आणि नाही आली तर?"

"तर बघू."

गेली. मीही बरोबर गेले, मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "भिया, जरा सरको, मैडम को बैठने दो," तर ही उभीच राहिली, म्हणाली माझी चूक आहे, मी उभी राहते. कंडक्टरला काही कळलं नाही. मला कळलं आणि मी खिडकीबाहेर बघितलं. कन्नौद येईपर्यंत ती उभी होती.

बापानं खाट टाकली, चहा सांगितला. माळव्यातला माणूस, दारी आलेल्याला हाकलत नाही. मॅडम म्हणाली, "मुझसे गलती हुई. नाम नहीं लिया, पर सब बता दिया. आपका अपमान मैंने किया, आपकी बेटी ने नहीं." हे तिनं स्वच्छ म्हटलं. अडखळली नाही.

त्यानं पंच्याच्या टोकानं हात पुसले. "बहनजी, आप आईं, बड़ी बात है. पन सगाई हो गई. कन्नौद में. अब इसमें क्या बदलेगा? और ये जो आज हुआ, ये भी कहीं सुनाओगी क्या?"

मुलगी पाणी घेऊन आली. मॅडमचा हात सवयीनं तिच्या मनगटाकडे गेला. मुलीनं पेला खाटेच्या कडेवर ठेवला आणि हात मागे घेतला, तवा लागावा तसा.

परतीच्या बसमध्ये मॅडम म्हणाली, "मी गेले ना, काकू. तुम्ही म्हणालात तशी. आता मुलींना सांगा."

"जायला नव्हतं सांगितलं. आणायला सांगितलं होतं."

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. मला रडायला हवी होती.

त्या आठवड्यात मुली रांगेत जेवायला बसल्या होत्या तेव्हा मी वाढता वाढता सांगितलं, "मैडम कुछ भी पूछे, बोलना सब बढ़िया है. लड़कों को भी बोल देना."

"आजी, और पूछा कि कॉलेज में मन लगता है?"

"बढ़िया लगता है."

"और सर का पढ़ाया समझ में आता है?"

"बढ़िया!" सगळी रांग एकदम ओरडली आणि हसून हसून एकीला ठसका लागला. खातेगांवच्या मुलीच्या खाटेवर तेव्हा दुसरी मुलगी आली होती. तीही ओरडली.

मॅडम तीन दिवस चटईवर बसली. मोबाइल पालथा, समोर मुलगी. पहिली म्हणाली, सब बढ़िया है मैडम. दुसरी म्हणाली, सब बढ़िया है. तिसरीला ती काही विचारायच्या आतच मुलगी म्हणाली. मी चुलीशी भाकऱ्या थापत होते. तिला एकही खरा शब्द मिळू द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं आणि मिळाला नाही. तिसऱ्या मुलीनंतर तिनं माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. तरी उरलेल्या सगळ्यांना तिनं विचारलं, एकेक प्रश्न, शेवटपर्यंत. पुढे सांगते त्यात माझी फजितीच झाली, पण ते तीन दिवस मला अजून गोड लागतात.

फजिती अशी की प्राचार्य खूश झाले. पहिल्या फेरीत पोरं रडत होती, दुसऱ्या फेरीत सगळी समाधानी, म्हणजे काम फत्ते. त्यांनी तिचा सत्कार ठरवला. आणि सगळं बढ़िया आहे तर सकाळी सातचा वर्ग कशाला, म्हणून तो बंद केला. टिपणं काढणंही थांबलं. मुली माझ्याकडे आल्या, "आजी, सुबह की क्लास बंद कर दी." म्हणजे तो वर्ग मी बंद केला. त्या वर्षी माझ्या खोल्यांतल्या मुली रसायनात धडाधड पडल्या. मला कोणी दोष दिला नाही, म्हणून मीच इथे लिहून ठेवते.

मॅडम सत्काराला उभी राहिली नाही. तिनं अहवालात एक पान लिहिलं, की दुसऱ्या फेरीतली उत्तरं खरी नाहीत, मी एका मुलीचा विश्वास मोडला म्हणून मुलांनी मला खरं सांगणं बंद केलं, दोष माझा. प्राचार्यांनी ते पान काढून टाकलं. तिनं मग अहवालावर सही केली नाही. तीन वर्षांचं काम कपाटात गेलं. मुलींना कोणी पढवलं असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, माहीत नाही. हे मला कॉलेजच्या चपराशानं सांगितलं. ऐकून मला रागच आला. तिचे उपकार मला नको होते.

जायच्या आधी एकदा ओसरीच्या पायरीशी आली, वर चढली नाही.

"तुम्ही शिकवलंत ना त्यांना, काकू?"

"हो."

"सातचा वर्ग बंद झाला."

"माहीत आहे."

"मी असतानाच तो परत सुरू व्हायला हवा होता. आता कोण भांडेल?" एवढं बोलून गेली. बदली मागून धारला गेली. माझ्याच माहेरी जाऊन बसली, म्हणजे तिथल्या बातम्या मला भावजयीकडून यायच्याच. मॅडम एकटीच फिरते, मॅडमला दम लागतो, मॅडम आता सभांमध्ये बोलत नाही. मी म्हणायची, बरं.

मागच्या वर्षी ती धारला गेली. म्हणजे वारली. आमच्या कॉलेजात फोटोला हार घातला, भाषणं झाली, विद्यार्थ्यांची माउली वगैरे. पोहे माझ्याकडेच मागितले. मी दिले नाहीत.

मी तिला शेवटचं बघितलं ते धारला नाही, कन्नौदला. वारायच्या दोन वर्षं आधी. मी एका जुन्या मुलीच्या लग्नाला निघाले होते, बस मंडीच्या रस्त्याला थांबली होती, ऊन असं की बसचा पत्रा हाताला पोळत होता. समोर धान्याच्या दुकानाशेजारी एका घराच्या बंद दाराशी मॅडम उभी. छत्री नाही. हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. ते घर खातेगांवच्या मुलीच्या सासरचं. सासरचे मॅडमला आत घेत नव्हते. मुलीनंच नंतर मला सांगितलं, की मॅडम धारहून याआधीही येऊन गेली होती, घरी बसून परीक्षा देण्याचा फॉर्म घेऊन. घरी बसून बी.ए. होतं. बी.एस्सी. होत नाही, तिला प्रयोगशाळा लागते. मुलगी पुढे बी.ए. झाली. बी.एस्सी. झाली नाही, हे कोणी विसरू नये.

दार उघडलं. मुलगी डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून तिनं तीन ठिकाणी सही केली, मॅडम लांबून बोटानं दाखवत होती तिथे तिथे. पेन परत दिलं. थांबली नाही, आत गेली.

मॅडम रस्ता ओलांडून माझ्या बसच्या बाजूनं आली. बहुतेक परतीची गाडी शोधत होती. माझ्या खिडकीखाली सावलीत टेकून उभी राहिली आणि सह्या बरोबर जागी आहेत का ते एकेक पान काढून बघू लागली. ओठ कोरडे पडले होते, दम लागला होता. वर बघितलं असतं तर मी दिसले असते. माझ्या मांडीवर पाण्याची बाटली होती, भरलेली, घरून आणलेली.

मी झाकण काढलं आणि प्यायले.